जेवण इकडे, गोड तिकडे

चायनीज हॉटेलात गेलं की मी मेन्यूकार्ड मागून उघडते. ही खोड बाबांची. सूप, स्टार्टर, राइस, नूडल्स त्यांना तोंडपाठ; त्यांना बघायचं असतं ते एवढंच, की शेवटच्या पानावर दरसान, लीची विथ आइस्क्रीम, डेट पॅनकेक आणि टॉफी बनाना या चौकडीत पाचवा भिडू आलाय का. चाळीस वर्षांत फार तर फ्राइड आइस्क्रीम आलं. ते आलं नसतं तरी चाललं असतं. बाहेरून करपलेला पाव आणि आतून दात शिवशिवणारा दगड, यापेक्षा वेगळं ते मला आजवर कुठे मिळालेलं नाही. बाबा पान वाचतात, कार्ड मिटतात आणि म्हणतात, "जेवण इकडे, गोड तिकडे."

तिकडे म्हणजे कुठे, हे आमच्या घरात ठरलेलं होतं.

बाबा चर्चगेटला एका विमा कंपनीत होते. आम्ही परळला, चाळीत. दोन खोल्या आणि सहा माणसं: आजी, आई-बाबा, मी, धाकटा भाऊ आणि लग्न न झालेला काका. दिवाळीचा बोनस हातात आला की त्यानंतरच्या शनिवारी आई आम्हाला तयार करून एल्फिन्स्टन रोडला आणायची (स्टेशनला प्रभादेवी हे नाव खूप नंतर, २०१८ मध्ये मिळालं) आणि तिथून स्लो गाडीने चर्चगेट. शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. बाबा स्टेशनबाहेर उभे असायचे, शर्टाच्या खिशावर हात दाबून. बोनस नेमका कुठल्या खिशात आहे हे समस्त पाकीटमारांना कळावं, अशा बेताने.

मग कामलिंग. वीर नरिमन रोडवरचं हे चिनी हॉटेल स्वातंत्र्याच्याही आधीचं. बाहेरच्या उन्हातून आत शिरलं की क्षणभर काही दिसायचं नाही, आणि दिसायला लागलं की आधी दिसायच्या टेबलावरच्या, व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या हिरव्या मिरच्या. त्या फुकट असतात म्हणून काका जेवण यायच्या आतच संपवायचा. सूप 'थ्री बाय सिक्स', म्हणजे तीन सुपांचे सहा वाडगे. आई शनिवार पाळायची, त्यामुळे तिच्या अमेरिकन चॉप्सुईवर अंडं नको असायचं. पण पैसे अंड्यासकट लावलेत ना, मग ते वेगळ्या बशीत आणा, असा बाबांचा हट्ट. मग त्या एका अंड्यावरून माझं आणि भावाचं भांडण, आणि ते मिटवायला काकाने अंडं खाऊन टाकणं.

जेवण झालं की बडीशेप तोंडात टाकून त्याच रस्त्याने थोडं चालायचं. ब्रेबर्न स्टेडियमच्या इमारतीत, रस्त्याला लागून, के. रुस्तम. १९५३ सालापासूनचं इराण्याचं दुकान. आत बसायची सोय नाही, सजावट नाही, कौतुक नाही. काउंटरवर जायचं, फ्लेवर सांगायचा. आइस्क्रीमच्या लादीतून सुरीने कापलेला एक चौकोनी तुकडा दोन पातळ वेफर बिस्किटांच्या मधे ठेवून, कागदात धरून हातात मिळतो. त्या बिस्किटांना स्वतःची म्हणावी अशी चव नाही. त्यांचं काम फक्त धरायचं. पण आइस्क्रीमचा ओलावा लागला की दोन-तीन मिनिटांत ती मऊ पडतात, टाळूला चिकटतात आणि मग त्यांनाही चव येते. नेमक्या त्याच वेळी चारही बाजूंनी आइस्क्रीम ओघळायला लागतं. म्हणजे बिस्किटासाठी थांबावं तर आइस्क्रीम मनगटावर, आणि आइस्क्रीमसाठी घाई करावी तर बिस्किट कागदासारखं. मी कडेकडेने चाटत गोल फिरायचे. भाऊ दोन्ही बिस्किटं आधी दाबून घ्यायचा, मग फुगून बाहेर आलेलं खायचा. आई पदर सांभाळत फुटपाथच्या कडेला जाऊन, रस्त्याकडे पाठ करून खायची.

आणि बाबा? मुलांसाठी 'मला नको, मला गोड आवडत नाही' म्हणणाऱ्या बापांच्या गोष्टी मी पुष्कळ वाचल्या आहेत. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. बाबांचं स्वतःचं अख्खं सँडविच असायचं, बदामाचं, आणि ते आमच्या सगळ्यांच्या आधी संपायचं. मग ते आमच्या हातांकडे बघत उभे राहायचे. "तुला जातंय का सगळं?" हा प्रश्न लहानपणी मी जितका घाबरून ऐकला तितका गणिताच्या बाईंचाही नाही.

ज्या ब्रेबर्नच्या भिंतीला टेकून मी हे आइस्क्रीम खात होते, त्याच स्टेडियमात चिकन मंच्युरियनचा जन्म झाला, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग नावाचा आचारी होता. चिनी आईबापांचा, पण जन्म कोलकात्याचा. १९७५ मध्ये कुणा गिऱ्हाइकाने त्याला कार्डावर नसलेलं काहीतरी वेगळं कर म्हणून सांगितलं. त्याने कोंबडीचे तुकडे कॉर्नफ्लॉरमध्ये घोळवून तळले, आणि आपल्या कुठल्याही स्वयंपाकघरात होईल तसं आलं, लसूण, हिरवी मिरची परतून घेतली. इथपर्यंत सगळं आपलंच. पुढे गरम मसाल्याच्या डब्याकडे जाणारा हात सोया सॉसच्या बाटलीकडे वळला, एवढाच काय तो फरक. १९८३ मध्ये त्याने केम्प्स कॉर्नरला चायना गार्डन काढलं, आणि मंच्युरियन मात्र त्याच्या हातून सुटून देशभर झालं: गोबीचं, पनीरचं, इडलीचं.

हे १९७५ साल मजेशीर आहे. तिकिटांच्या वाटपावरून मुंबई क्रिकेट असोसिएशनचं क्लबाशी बिनसलं म्हणून शेजारीच वानखेडे उभं राहिलं आणि त्याच वर्षाच्या जानेवारीत तिथे पहिली कसोटी झाली. ब्रेबर्नमधून कसोटी क्रिकेट गेलं आणि मंच्युरियन आलं. कसोटी परतायला २००९ उजाडलं. मंच्युरियन कुठेच गेलं नाही.

तर एकाच इमारतीत तिखट आणि गोड दोन्ही, पण एका ताटात नाही. मधे रस्ता. हे असं का, याचा मी बराच विचार केला आहे. दुपारी लोकलमध्ये बसायला मिळालं की माणूस असलेच विचार करतो. आपल्या पंगतीत गोड शेवटी नसतं. वरणभात, मग पुरीबरोबर श्रीखंड, मसालेभात, मधेच जिलबी आणि मठ्ठा, आणि शेवट ताकभाताचा. गोड हे जेवणाच्या पोटात असतं. शेवटी असतो तो विडा. चिनी जेवणातही सगळं झाल्यावर गोड आलंच पाहिजे असा दंडक नाही. फळांच्या फोडी देतात, मोठी मेजवानी असली तर एखादं गोड सूप. बाकी गोड हे मधल्या वेळचं, चहाबरोबरचं. म्हणजे 'जेवून झाल्यावर डेझर्ट' ही ना त्यांची रीत, ना आपली. ती क्लबातल्या साहेबाची. साहेब गेला, सवय राहिली, आणि त्या सवयीची सोय म्हणून चिनी हॉटेलवाल्यांनी मेन्यूकार्डाच्या शेवटी ते चार पदार्थांचं पान जोडलं. मनापासून कुणालाच नको असलेलं पान. त्यातली लीची तर डब्यातून थेट वाटीत.

दरसानवर मात्र मी अन्याय होऊ देणार नाही. तळलेल्या चपट्या नूडल्स, त्यावर मध, भाजलेले तीळ, आणि शेजारी व्हॅनिलाचा गोळा. टेबलावर आल्यापासून चार मिनिटांत खाल्लं तर हे उत्तम खाणं आहे. पाचव्या मिनिटाला चकलीच्या डब्यात पाणी गेल्यासारखं होतं. लोक ते ऑर्डर करतात, फोटो काढतात, गप्पा मारतात आणि मग नावं ठेवतात.

गोड नूडल्स हे ऐकायला विचित्र वाटतं, पण मुंबईत ते कुणाला विचित्र वाटायचं कारण नाही. क्रॉफर्ड मार्केटसमोर १९०५ पासून बादशाह फालुदा विकतोय. त्यातली शेव म्हणजे दुसरं काय? फालुदा मुळात इराणकडचा, आणि इराण आशियात आहे. पण मुंबईत 'एशियन' म्हणजे चीन, जपान, थायलंड, कोरिया आणि त्यांच्या आसपासचं. आपण स्वतः कुठल्या खंडात राहतो, हे 'एशियन' हॉटेलात टेबल बुक करताना कुणी विचारत नाही.

आमच्या आजीला हे भूगोलाचे घोळ नव्हते. ती मालवणकडची, आणि कामलिंगला एकदाच आली. पुढ्यात हक्का नूडल्स आल्या. तिने काट्याने एक नूडल उचलली, उजेडाकडे धरली, आणि सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शिरवाळेच मां हे! नारळाचो रस खंय?" वेटरने नम्रपणे सोया सॉस पुढे केला. आजीने वास घेतला आणि बाटली परत दिली.

तिचं काही चुकलं नव्हतं. शिरवाळे म्हणजे तांदळाच्या नूडल्सच. पिठाची उकड काढायची, मळून तिचे मुटके करायचे, ते उकळत्या पाण्यात सोडायचे, वर तरंगले की काढून गरम असतानाच लाकडी साच्यात घालायचे. गार झाले की संपलं, मग साचा हलत नाही. एकाने दांड्यावर सगळा भार टाकायचा, दुसऱ्याने खाली केळीचं पान धरून उतरणाऱ्या शिरवाळ्यांची चुंबळ करून घ्यायची. आमच्याकडे भार टाकायचं काम काकाचं. "चायनीज खाल्लंस मां काल? मग दी जोर!" असं आजी त्याला म्हणायची. आणि हे खायचे कशाशी, तर नारळाच्या दाट दुधात गूळ विरघळवून, वेलची आणि चिमूटभर मीठ घालून केलेल्या रसाशी. मलेशिया-सिंगापूरकडचं चेंडोल मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा नारळाचं दूध, ताडगूळ आणि त्यात पोहणाऱ्या हिरव्या शेवया बघून मला त्या हॉटेलात आजीचा आवाज ऐकू आला. फरक बर्फाचा. आजीने त्यात बर्फ घालू दिला नसता.

(मोदक आणि डिमसमची जोडी आता सगळेच लावतात, म्हणून मी ती लावत नाहीये.)

कामलिंग वर्षातून एकदा. बाकीचं चायनीज गाडीवर. १९८२ चा संप झाला, गिरण्यांचे भोंगे थांबले, आणि परळ-लालबागच्या फुटपाथांवर खाण्याच्या गाड्या वाढल्या. त्यात वडापावाच्या होत्या तशा पुढे चायनीजच्याही आल्या. लाल रंग, त्यावर हाताने रंगवलेला ड्रॅगन, त्याच्या डोक्यावर देवाचं नाव आणि शेवटी 'चायनीज कॉर्नर'. ड्रॅगनचं तोंड बहुतेक वेळा गणपतीच्या मंडपातल्या उंदरावर गेलेलं, कारण रंगवणारा तोच. कढईखाली फर्रर्र करणारी भट्टी, लोखंडी पळीचा ठणठणाट, आणि 'हाफ की फुल' एवढाच संवाद. माझा जीव अडकला तो चायनीज भेळेत: तळलेल्या नूडल्स हाताने चुरायच्या, त्यात कोबी, सिमला मिरची, पातीचा कांदा आणि लालभडक शेजवान सॉस. चाटवाल्याच्या मांडीवर वाढलेलं चिनी पोर.

गाडीवर गोड नसायचंच. गोड म्हणजे रात्री दहाच्या सुमाराला मटका डोक्यावर घेऊन येणारा कुल्फीवाला. जीभ भाजलेली असतानाच तो यायचा. आधी तिखट, मग थंड, हे गणित ज्यांनी दुकान म्हणून मांडलं ते रघुनंदन कामत. १९८४ मध्ये जुहूला त्यांनी नॅचरल्स सुरू केलं तेव्हा नुसतं आइस्क्रीम खायला लोक येतील याची खात्री नव्हती, म्हणून सोबत पावभाजी ठेवली. भाजीने तोंड भाजलं की माणूस आइस्क्रीमकडे वळतोच. ते फळविक्रेत्याचा मुलगा. सीताफळ, शहाळं, चिकू यांचं आइस्क्रीम करताना फळाला फळच राहू द्यायचं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पुढे पावभाजी गेली, आइस्क्रीम राहिलं. २०२४ मध्ये कामत गेले त्या दिवशी आमच्या घरी बाबांनी शहाळ्याचं आइस्क्रीम मागवलं. श्रद्धांजली म्हणे.

शेजवान या शब्दावर थोडं थांबते. १९७३ मध्ये ताजमहाल हॉटेलात गोल्डन ड्रॅगन सुरू झालं आणि सिचुआन प्रांताचं तिखट जेवण मोठ्या हॉटेलाच्या दारातून मुंबईत आलं. तिथून ते गाडीपर्यंत उतरलं तेव्हा त्यातून नेमकी सिचुआनची मिरी गळून गेली होती. आपल्या शेजवानमध्ये सुकी लाल मिरची, लसूण, व्हिनेगर, तेल. उत्तम लागतं, डोश्यालाही लागतं, पण सिचुआनच्या माणसाला ते ओळखू येणार नाही. मला हे कळलं एका ऑफिसच्या पार्टीत. मापो टोफू आला होता, खरीखुरी मिरी घातलेला. पहिल्या घासाला शेजारचा सहकारी घाबरला. "मॅडम, माझे ओठ बधिर झाले, काहीतरी गडबड आहे." माझ्याही जिभेला मुंग्या आल्या होत्या, पण मला दिसला तो बांगडा. आजी बांगड्याच्या तिखल्यात ठेचून घालायची त्या तिरफळांची ती मुंगी होती, तंतोतंत. घरी येऊन शोधलं तर सिचुआनची मिरी आणि आपलं तिरफळ दोन्ही एकाच वंशातली, झँथोझायलम. म्हणजे खरं शेजवान परळच्या आमच्या फडताळात, बरणीत होतं, आणि आम्ही ते शोधायला गाडीवर जात होतो.

हे शहर चिनी लोकांचंही होतं, हे मात्र मुंबईकर सहज विसरतो. माझगावात, डॉकयार्ड रोडच्या बाजूला, नवाब टँक रोडवर एका साध्या घरात सी यूप कून नावाचं छोटं चिनी मंदिर आहे, १९१९ चं. वरच्या मजल्यावर ग्वान गाँग हा लाल चेहऱ्याचा योद्धा देव. मी गेले तेव्हा पुजारी नव्हता, घंटा नव्हती, उदबत्त्या आणि संत्री होती. इथल्या गोदीत आलेल्या कँटनकडच्या खलाशांची, सुतारांची वस्ती होती ती. १९६२ च्या युद्धानंतर देशभरातल्या कितीतरी चिनी कुटुंबांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. सुटले त्यांतले बरेच देश सोडून गेले. त्यानंतर तेरा वर्षांनी मंच्युरियन आलं. लोक कमी झाले आणि त्यांचं जेवण वाढलं. यावर मला हुशारीचं काही म्हणता येत नाही.

ब्रह्मदेशाशी मात्र कोकणी माणसाचं जरा घरचं नातं आहे. ब्रिटिशांनी थिबा राजाला १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि पुढल्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला, आणि १९१६ मध्ये राजा तिथेच वारला. शाळेच्या सहलीत थिबा पॅलेस पाहिलेला नाही असा रत्नागिरीकर विरळा. तेव्हा २०१४ मध्ये काळा घोड्याजवळ बर्मा बर्मा नावाचं शुद्ध शाकाहारी हॉटेल निघालं तेव्हा बाबांना घेऊन जायला मला निमित्त शोधावं लागलं नाही. "थिबाच्या घरचं जेवण," एवढं म्हटलं, बाबा चपला घालून तयार. आंबवलेल्या चहाच्या पानांचं सॅलड त्यांनी संशयाने चघळलं. "चहा प्यायचा ना?" मग खाऊस्वे आलं: नारळाच्या दुधातल्या नूडल्स, वर तळलेला लसूण, कांदा, शेंगदाणे आणि लिंबू. बाबांनी दोन घास खाल्ले आणि आईला म्हणाले, "यात बेसन आहे." आईने मान हलवली. दोघांनी मिळून तो वाडगा उकलला. नारळाचा रस फाटू नये आणि दाट व्हावा म्हणून बेसन लावलेलं, म्हणजे रसातलं पिठलंच म्हणायचं. थिबा राजाला रत्नागिरीत नारळाचा तुटवडा नक्कीच पडला नसणार, असं आई म्हणाली.

आता माझ्या मुलीच्या राज्यात आम्ही कोरियात पोचलो आहोत. सबटायटल वाचत रात्री दोनपर्यंत जागणारी ही पिढी. तिने आम्हाला वांद्र्याच्या एका कॅफेत बिंगसू खायला नेलं. गोठवलेल्या दुधाचा बर्फ खरवडून त्याचा भुसभुशीत डोंगर, वर लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड सारण आणि कंडेन्स्ड मिल्क. फार सुंदर लागतं, जिभेवर बर्फ टोचत नाही, नुसता विरतो. बाबांनी डोंगर तिन्ही बाजूंनी बघितला. "गोळा आहे. काडी कुठाय?" बिल बघून म्हणाले, एवढ्या पैशात चौपाटीवर अख्ख्या चाळीने गोळे खाल्ले असते. खाल्लं मात्र त्यांनीच जास्त.

बाबांना मधुमेह होऊन बारा वर्षं झाली. डॉक्टरांनी गोड बंद केलं, तेव्हा बाबांनी डॉक्टर बदलला. नव्या डॉक्टरांनीही तेच सांगितल्यावर तह झाला: वर्षातून चारदा, आधी कळवून, भात सोडून. त्या चारांतला एक दिवस वाढदिवसाचा.

गेल्या वाढदिवसाला, अठ्ठ्याहत्तराव्या, मी बीकेसीतल्या एका झगमगीत एशियन हॉटेलात शनिवार दुपारचं टेबल घेतलं. बाबांनी कार्ड मागून उघडलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला बोनसचा खिसा आठवला. अकरा गोड पदार्थ! काळ्या तिळाचं आइस्क्रीम, युझू, माचा, उबे, मोची. "पाचवा काय, अकरावासुद्धा आला," म्हणाले. अर्धा तास त्यांनी जेवणाकडे लक्षच दिलं नाही. भात वर्ज्य, डिमसमच्या दोन टोपल्या, बाकी वेळ ते पान. शेवटी काळ्या तिळावर बोट ठेवलं. संक्रांतीच्या लाडवांचं आइस्क्रीम कसं लागतं ते बघायचं होतं.

वेटर आला तो बिल घेऊन. टेबल नव्वद मिनिटांचं, पुढचं बुकिंग बाहेर उभं आहे, सॉरी सर. मी आवाज चढवला. मॅनेजर आला, त्याने फार गोड आवाजात विचारलं, "डेझर्ट पॅक करून देऊ का?" आइस्क्रीम. मे महिन्यात. मुलगी तावातावाने काहीतरी बोलणार होती, तोवर बाबा उठून उभे राहिले होते. कार्ड मिटलं, टेबलावर ठेवलं.

"चर्चगेट," टॅक्सीवाल्याला ते म्हणाले.

सी लिंकवरून, वरळीवरून, मरीन ड्राइव्हवरून आम्ही पाच जण एका टॅक्सीत. आईच्या मांडीवर पर्स आणि पर्समध्ये शुगर मोजायचं यंत्र. के. रुस्तमच्या काउंटरवर आधीच्याच थंडपणाने आमच्याकडे बघितलं गेलं. कौतुक नाही. बदाम एक, कॉफी एक, आंबा तीन. फुटपाथवर ओळीने उभं राहून आम्ही खायला लागलो. आई अजूनही रस्त्याकडे पाठ करून खाते. मुलगी फोटो काढत होती, आणि तिचं आइस्क्रीम कोपरापर्यंत आलं होतं.

बाबांचं संपलं. कागदाला चिकटलेलं त्यांनी बोटाने निपटलं, कागदाची घडी करून वरच्या खिशात ठेवली, आणि नातीच्या हाताकडे बघत विचारलं,

"तुला जातंय का सगळं?"